बहिणीसाठी

ओउलूत दुपारी तीनलाच अंधारतं.
तेव्हाच येतो वेइक्का, आमच्याच जिन्यावरचा, एकुलता एक.
टोपी भुवयांपर्यंत.
"बहिणीला मुरुमं आलीत," म्हणतो
काउंटरवरच्या खोकल्याच्या गोळ्यांना.

बेन्झॉइलची ट्यूब ठेवते पुढ्यात.
सांग तिला, मटाराच्या दाण्याएवढंच लाव.
आधी चुरचुरेल, सालपटं निघतील.
फोडायची नाहीत.
दोन महिने धीर धर,
नाहीच हटली तर डॉक्टर आहेत.
आणि हो, उशीला अभ्रा पांढरा घाल,
रंग उडतो.

मार्च. बर्फ अजून गुडघाभर.
टोपी हातात घेऊन आला.
हनुवटीवर दोन-तीन हट्टी राहिलेत,
निळ्या स्वेटरची कॉलर
जागोजागी विटलेली.

"बहीण कशी आहे?"
"बरी आहे," म्हणाला.
"आरशात बघते आता."