सूत

बोनसरीच्या समाजमंदिरात तीस खुर्च्या.
अठ्ठावीस लाल, दोन निळ्या,
मंडपवाल्याच्या चुकून आलेल्या.
भिंतीवर फ्लेक्स: महिला सक्षमीकरण, बॅच चौथी,
ब्युटी पार्लर, नव्वद दिवस.
फ्लेक्सवरच्या बाईच्या डोळ्यांवर काकडीच्या चकत्या,
त्यामुळे तिला समोरच्या खिडकीतला
अर्धा कापून सोडलेला डोंगर दिसत नाही.

मी कळव्याहून येते. कंत्राटावर.
पगार हजेरीवर, हजेरी अंगठ्यावर.
मशीन साबणाच्या वडीएवढं.
दुर्गव्वा धोत्रेनं पहिल्या दिवशी अंगठा ठेवला.
लाल दिवा.
पुसून ठेवला, फुंकर मारून, पदराला घासून.
लाल.
‘तुमच्या बोटाला रेषाच नाहीत हो,’ मी म्हटलं.
‘व्हत्या की,’ ती म्हणाली,
‘त्यांची खडी झाली.
पामबीचच्या रस्त्यात बघा, घावतील.’
आणि हसली.
हे कुठल्या रकान्यात भरायचं,
माझ्या वहीत तसा रकाना नव्हता.

खाण बंद होऊन सात वर्षं झाली होती.
धूळ गेली होती, खोकला राहिला होता.
धडा तिसरा, हातांची निगा:
लिंबू, साखर, कोमट पाणी.
तिम्मव्वा म्हणाली, ‘साखर च्यात घातली असती
तर तीस जणींचं भागलं असतं.’
धडा पाचवा, चेहऱ्याचा मसाज.
जोड्या लावल्या. कुणी कुणाला हात लावेना.
मग तिम्मव्वानंच डोळे मिटले,
आणि मिटल्या डोळ्यांनी सांगितलं
(मी विचारलं नव्हतं)
गालाला असा हात लागला होता
तो हळदीच्या दिवशी.
पंखा तेवढा घरघरत होता.

आयब्रोचा धडा मी लांबणीवर टाकत होते.
ज्या हातांनी सुतकी उचलली
त्यांना पांढरा दोरा कसा पेलणार,
असं मला आपलं वाटत होतं.
दुर्गव्वानं रीळ हातात घेतलं,
दोरा बोटावर ताणला, एकदा छेडला,
टण्ण.
‘हे तर सूत,’ ती म्हणाली.
‘बाप गेरूत भिजवायचा.
एक टोक त्याच्याकडं, एक माझ्याकडं.
सोडलं की काळ्या दगडावर तांबडी रेघ.
दगडालाबी भुवई असती, मॅडम.
ती गावली की एका घावात उघडतो,
नाही गावली तर जलम जातो.
बसा. हलू नका.’

मी बसले. निळ्या खुर्चीत.
दोरा दातात धरून ती इतकी जवळ आली
की तिच्या श्वासातली मिसरी मला कळली.
जिच्या अंगठ्यावर एक रेषा शिल्लक नव्हती
ती माझ्या कपाळाखाली रेषा काढत होती.
डोळ्यांतून पाणी आलं.
ते सगळ्यांच्याच येतं, दोऱ्यानं.

नव्वदाव्या दिवशी साहेब आले.
गुलाबी पिशव्या आल्या:
कात्री, पावडर, आरसा, रिळांचा डबा.
हजर होत्या तीस,
मशीनच्या मते अकरा.
मी म्हटलं, वही बघा, मी रोज लिहिलंय.
साहेब म्हणाले, वहीचं आता काही चालत नाही.
दुर्गव्वा फोटोत आहे, मागच्या रांगेत.
यादीत नाही.
‘राहू द्या,’ ती म्हणाली, ‘रीळ सात रुपयाला मिळतं.’
ती रागावली असती तर बरं झालं असतं.

आता तिसऱ्या रविवारी मी तिच्या दारात बसते,
पायरीवर. वीस रुपये.
सुटे नसले तर ती ‘पुढच्या वेळी’ म्हणते
आणि विसरत नाही.
आमच्या आईला तिचं काम पसंत नाही.
म्हणते, डावी भुवई वर ठेवते ती,
तुझा चेहरा भांडकुदळ दिसतो.
खरं आहे.
परवा पाचव्या बॅचची बैठक होती.
मी गप्प बसले होते, कंत्राट संपायला आलंय.
साहेब बोलता बोलता थांबले,
माझ्याकडं बघितलं,
म्हणाले, ‘काय? काही विचारायचंय?’