मापाची वही

उत्तरेश्वर पेठेत तीस वर्षं
बायकांची मापं घेते मी.
वहीत नाव लिहीत नाही कुणाचं,
नुसत्या खुणा: गिरणीमागची धाकटी, डावा खांदा उतरता.
देशिंग्यांच्या सुनेची कंबर दीड इंचानं वाढली
ते तिच्या सासूच्या आधी माझ्या टेपला कळलं.
मी शिवणीत माया जरा जास्त सोडली
आणि गप्प बसले.

परवा रात्री दोनला, पांघरूण डोक्यावरून घेऊन
मोबाइलला विचारलं,
उजवा हात का थरथरतो.
मालकांनाही सांगितलं नव्हतं.

उत्तराच्या आधी पाटी आली:
आम्ही आणि आमचे आठशे बारा भागीदार
आपल्या खासगीपणाची कदर करतो.
‘मान्य’चं बटण ठसठशीत, शेरवानीला लावतात तसलं.
‘नाही’ कुठंतरी आत, करड्या दोऱ्यानं टाचलेला हूक,
चष्मा लावूनही सापडेना.
काजं-बटणं करण्यात जन्म गेला माझा.
दाबलं.

सकाळी नसांचं तेल.
दुपारी राजारामपुरीत मेंदूची तपासणी, पहिली भेट मोफत.
रात्री एक चमचा, जड मुठीचा, आमटी न सांडणारा.
आठशे बारा!
आमच्या लग्नात एवढी पानं उठली नव्हती.
कुणाकुणाच्या वहीत गेले असेन,
आणि माझी खूण काय घातली असेल त्यांनी?

काल मगदुमांची वृषाली आली, लग्नाचा ब्लाऊज टाकायला.
पाठीचा गळा दाखवावा म्हणून फोन पुढं धरला,
तर मोरपंखी गळ्याच्या डोक्यावर तेच:
हात थरथरतो? लपवू नका.
तिनं वाचलं.
मग हाताकडं बघितलं माझ्या.
टेपचं टोक हलत होतं.

वाटलं, कापड उचलणार आता.
महाद्वार रोडला टेलर काय कमी हाईत?
ती बोलली नाही काही.
माझ्या कानामागची पेन्सिल काढून घेतली.
“काकी, तुम्ही सांगा आकडे, मी लिहिते.”

छाती चौतीस. कंबर अठ्ठावीस. बाही दहा.
अक्षर देखणं आहे पोरीचं.

सांगितलं असतं मी तिला.
हळद उतरल्यावर, माहेरपणाला आली की,
चहा ओतता ओतता,
माझ्या तोंडानं.

मशीनवर फोन उताणा पडलाय.
सकाळपासून चौथ्यांदा विचारतोय:
ही जाहिरात तुम्हाला उपयोगी वाटली का?
होय. नाही.
ह्या खेपेला दोन्ही बटणं
सारख्याच मापाची.