पियानो लावणाऱ्याची नोंद

वर्षातून दोनदा, मार्चात आणि ऑक्टोबरात,
मी ऑस्टेंडला गोदलीव फेरमौटच्या घरी जातो.
चौथा मजला. लिफ्ट बंद असली तर हत्यारांची पेटी खांद्यावर.
दार उघडून ती आधी हवेची तक्रार करते:
समुद्राचं खारं, तारांना गंज, बिजागऱ्यांना गंज.
"आणि मला" असं म्हणत नाही. तो विनोद तिने कधीच सोडला.

पट्ट्या बघून माणूस ओळखावा, हे आमच्या धंद्यातलं जुनं.
तिच्या पियानोचं मधलं दीड सप्तक
शाळेच्या पायऱ्यांसारखं झिजलंय.
वरच्या टोकाला धूळ.
एकोणीस वर्षांची असताना ती तिथे, त्या धुळीत, गायची.

तेव्हा ती लीवी होती. नाव मॅनेजरने कापलेलं,
गोदलीव पोस्टरवर मावेना म्हणून.
कासिनोचा रंगमंच, चंदेरी बूट एक नंबर लहान,
आणि उन्हाळाभर एकच गाणं, लिंबाच्या रंगाच्या छत्रीचं.
माझी आई ते कोळंबी सोलताना गुणगुणायची
आणि सोललेली कोळंबी सालींच्या ढिगात टाकायची.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात गळ्यावर शस्त्रक्रिया.
तीन महिने अवाक्षर नको, डॉक्टर म्हणाला.
ती वाणसामानाच्या वहीत बोलू लागली:
दूध. मीठ. नको. उद्या ये. कोण म्हणालं?
बहिणीला कळेना, यातलं सामान कुठलं नि गाऱ्हाणं कुठलं.
पहिलं गाणं त्या वहीतून निघालं, असं लोक सांगतात.
मी विचारलं होतं. ती म्हणाली, नाही रे,
वहीतून दुधाचं बिल निघालं.
गाणं नंतर, भाडं थकल्यावर.

ते गायलं कोर्ट्राइकच्या रोझेलीनने.
गोदलीव काचेच्या या बाजूला.
श्वास कुठे घ्यायचा, त्याच्या खुणा तिने
लाल पेन्सिलीने केल्या होत्या, स्वतःच्या छातीच्या मापाने.
पोरीने एकही पाळली नाही.
"घरी" आणि "कुणी" यांच्या मधोमध, नको तिथे, तिचा दम संपला,
तिने श्वास घेतला, चांगला ऐकू येईल असा.
परत घेऊ या, इंजिनिअर म्हणाला.
गोदलीवने हात आडवा केला.

मग चाळीस वर्षं तेच.
जुळे भाऊ, दाढीवाले, स्वर न वाचता येणारा एक बेकरीवाला.
रेकॉर्डवर तिचं नाव मुंगीएवढं, कंसात.
वर्षाअखेरीस मानधनाचं पाकीट:
एखाद्या वर्षी त्यात छत दुरुस्त व्हायचं,
एखाद्या वर्षी छत्रीसुद्धा येत नसे.

गेल्या ऑक्टोबरात सांगत होती:
दुकानात गल्ल्यावरची मुलगी माझं गाणं म्हणत होती,
"परत ये"च्या जागी "परत दे".
मग? मी विचारलं.
मग काय, सुट्टे परत घेतले.
दुरुस्त नाही केलंस?
मागे रांग होती. आणि तसंच बरं होतं ते.

वरचं राहू दे, ती दर वेळी म्हणते,
तिथवर जात नाही कुणी.
मी म्हणतो, ताण सगळा एकाच चौकटीवर असतो,
वरच्या तारा सोडल्या तर मधल्याही उतरतात.
ती कॉफी ठेवायला आत जाते.

या वेळी शेवटची पट्टी वाजवली,
काचेवर चमचा लागावा तशी.
आतला भांड्यांचा आवाज थांबला.
मी पुन्हा वाजवली.
मग नळ सुरू झाला.