एक रिंग

तिसरा दिवस. मुशियाच्या धक्क्यावर
वारा थेट अटलांटिकवरून येतो,
आणि त्यातही कुणीतरी कुठेतरी पेटवलेली
मला बरोबर सापडते,
कुत्र्याला पुरलेलं हाड सापडावं तशी.

आम्ही चौघीजणी जाळी सांधणाऱ्या,
आणि पाचवा शाकोबे, बोटींची इंजिनं उघडणारा.
सोमवारी सकाळी दोरिंदाने बादली आणली.
पाकिटं टाकली, वरून समुद्राचं पाणी ओतलं.
तंबाखू फुगून वर आली, चहाच्या चोथ्यासारखी.
आपण काय मयताला उभे आहोत का, एर्मीतास म्हणाली.
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसलो,
आणि हसता हसता खोकलो.

नियम दोरिंदाचा.
तिला सोडून अकरा वर्षं झाली,
अजूनही जेवण झालं की खिसा चाचपते,
म्हणून तर तिचं ऐकतो आम्ही.
तलफ आली की फोन लावायचा, कुणालाही,
एकदा वाजू द्यायचा, कापायचा.
ज्याचा वाजला त्याने उलट एकदा वाजवायचा.
का, किती, कशी, एक शब्द विचारायचा नाही.
फुकटचा धीर आहे, म्हणाली,
कंपनीला पैसासुद्धा जात नाही.

हात रिकामे नसतात आमचे.
सुई असते, दोरा असतो, मांडीवर हिरवं जाळं.
पूर्वी एक भोक सांधलं की एक झुरका.
आता गाठीनंतर गाठ, तिच्यानंतर गाठ,
आणि मध्ये काहीच नाही.
दिवस इतका लांब असतो हे मला
त्रेपन्नाव्या वर्षी कळतंय.

पंधराव्या वर्षी मी मावशीची पेटवून द्यायचे,
इथेच, याच भिंतीला टेकून,
तिचे हात ओले असायचे म्हणून.
पेटवायची तर एक दम ओढावा लागतो.
एवढंच झालं होतं.

काल चमच्यावरून लेकीला नाही नाही ते बोलले.
चमचा स्वच्छ होता.

रात्री दोनला साबेलाची एक रिंग.
मी दिली परत.
सव्वातीनला ओलाया. तिलाही दिली,
आणि मग झोप गेली ती गेलीच.
पावणेपाचला मीच शाकोबेला लावला,
तो जागाच असतो.
एकदा वाजला. कापला.
पोटावर फोन ठेवून पडून राहिले.
छत बघितलं. छताला एक ओल आहे,
तिच्या कडा मोजल्या.
उत्तर नाही.

झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून निघाले.
त्याला बघायला, असं स्वतःला सांगितलं.
धक्क्यावरचा बार पाचला उघडतो, खलाशांसाठी.
कोपऱ्यात ते मशीन, दिवा लागलेलं, देव्हाऱ्यासारखं,
आणि त्याच्या शेजारच्या टेबलाशी शाकोबे,
बोटांच्या पेरांत ग्रीस, समोर फोडलेलं पाकीट.

एक ओढली, एल्विरा, म्हणाला.
तुझा फोन वाजला तेव्हा ती हातात होती.
मग उलट वाजवायला लाज वाटली.

मी समोर बसले.
कोटाच्या खिशातून नाणी काढली, टेबलावर ठेवली.
मोजून आणलेली. मशीनला लागतात तेवढीच,
एक कमी नाही, एक जास्त नाही.
त्याने नाण्यांकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं,
मग माझ्या कोटाखालून दिसणाऱ्या
नाइटगाउनच्या फुलांकडे,
आणि असा हसला की बारवाल्याने मान वर केली.

त्या पैशांत दोन कॉफ्या आल्या आणि तळलेले चुरो.
चुरो शिळे होते. सगळे संपवले.
पाकिटाचं काय करायचं ते काही ठरेना,
मग शाकोबेने ते उरलेल्या कॉफीत बुडवलं.
बारवाला कपाच्या नावाने शिव्या देत राहिला.

समोर बसूनच त्याने फोन काढला.
माझा एकदा वाजला.
त्याने कापला.

बाहेर अजून अंधारच.
मी पाहिलं तर एर्मीतासची रिंग येऊन गेलेली,
साबेलाची पुन्हा एक,
आणि एक दोरिंदाची.
दोरिंदाची?
शाकोबे म्हणाला, आधी तिला दे.