अर्थ लावायचा राहिला

तीन दिवस जॅकवर हेराल्ड.
मगदूम डॉक्टरांच्या वडिलांची,
दोन दारांची, टप उघडणारी.
जुनी पेटी उतरवली तेव्हा तेलाआधी गाळ आला,
बारीक, करडा, कृष्णेचा.
पूर ओसरून किती वर्षं झाली, मोजली नाहीत.

तिच्या जागी जिप्सीची पेटी.
मधली प्लेट कुपवाडातून कातून आणली,
तरी दोन बोल्ट जुळेनात, कानशीनं भोकं वाढवली.
छातीवर पेटी घेऊन आडवा होतो
तेव्हा बायकोचा फोन वाजला. वाजू दिला.

मग चावी.
सेल्फ नुसता कण्हला.
पॉइंट घासले, कॉइल बदलली, टायमिंग पुन्हा धरलं,
शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी लावली.
दोनदा ठसकली, पेट्रोलचा वास सोडला, गप्प.
कार्बोरेटरला शिव्या घातल्या, त्याच्या बापालाही.

तेजपालनं चोक ओढला आणि ओरडला,
"दस्तगीरचाचा, केबल पोळतीया!"

तेवढ्यावर कळलं.
चासीवरून पेटीला येणारी वेणीसारखी पट्टी
रॉकेलच्या डब्यात तशीच पडलेली.
अर्थच लावला नव्हता.
बिचारा करंट परतीची वाट शोधत
चोकच्या तारेतून घरी जात होता.

तेरा नंबरचा पाना, एक नट.
पहिल्या हाकेला ओ दिली.

शंभर फुटी संपला, कोल्हापूर रोडला पाचवा टाकला.
डॉक्टर शेजारी, टप उघडा, तोंडात धूळ.
विचारतात, नक्की काय झालं होतं?

कार्बोरेटर, म्हटलं मी.
मागं तेजपाल खोकला.