नदीकडची खोली

भाऊ आहे गावात, सख्खा.
बिबवेवाडीत फ्लॅट, लिफ्ट चालू,
आणि तरी हॉटेल?
मोरेश्वरनं फोन आदळला नाही,
नुसता धरून राहिला.
मागून नलू वहिनी : विचारा तरी, आमचं काय चुकलं.

काही चुकलं नाही.
भाचीचं लग्न आहे, तीन रात्री आहेत,
अकोल्याहून येणार माझ्या पैशानं, राहणारही.

मग सुचवणारे सुरू झाले.
स्टेशनजवळचं बरं, नाश्ता धरून.
बाणेरला नवं आहे, सगळं काचेचं,
गच्चीवर पोहायचा तलाव.
(मी पोहणार आहे का एकसष्टाव्या वर्षी?)
जावयानं तर तक्ताच करून पाठवला, शेरे आणि ताऱ्यांसकट.
मी म्हटलं, बंडगार्डनजवळचं ते जुनं.
पोर्चमध्ये पितळी घंटा आहे ते.

फोनवरचा मुलगा, अन्वय, अदबीनं बोलला.
बागेकडची की नदीकडची?
नदीकडचीला रात्रीचे अठराशे जास्त.
मग आवाज खाली आणून, मी त्याची मावशी असल्यासारखा,
"खरं सांगू मॅडम? एप्रिलात वास येतो.
जलपर्णी, डास. बागेकडचीच घ्या."
पुण्यात गिऱ्हाइकाशी इतकं खरं कोण बोलतं!
मी नदीकडची घेतली.

हे पाटबंधारे खात्यात होते.
रात्रपाळीला पुलाच्या खांबावरचे आकडे वाचायचे
आणि वहीत उतरवायचे, तासातासाला.
मी डबा घेऊन जायची.
कठड्यावर बसून जेवायचो, समोर हे हॉटेल.
घास चावता चावता हे उजेडाच्या खिडक्या मोजत.
बावीस.
शनिवार असला की एकतीस.
"एका खिडकीची एक रात्र म्हणजे माझा महिना,"
म्हणायचे आणि लोणच्याची फोड चोखायचे.
हेवा नव्हता त्यात. नोंद होती.
एकदाच विचारलं,
"तिथून आपण कसे दिसत असू गं?"
दिसत नसू, मी म्हटलं.
"बघायला पाहिजे."

खोली दोनशे सात.
चादर इतकी ताणलेली की बसायचा संकोच.
चहा चारशे वीस रुपये, वर कर.
वास होता. अन्वय खोटं बोलला नव्हता.

पडदा सारला तर काचेत मीच,
चष्मा, पिकले केस, पाठीशी दिवा.
पलीकडचं काहीच नाही.
बराच वेळ तशीच उभी राहिले, मूर्खासारखी.

मग दिवा मालवला.
आधी पाणी आलं, मग खांब,
आकडे नाहीत, पुसले असतील,
नाहीतर माझा नंबर वाढला असेल.
मग कठडा.
कठड्याशी एक स्कूटर, दोन माणसं,
मध्ये कागद पसरून काहीतरी खात होती.

दिसतं, अहो.
फार नाही. पण दिसतं.

आणि तिकडून कुणी खिडक्या मोजत असेल
तर आज
एक कमी भरली असेल.