चार इंच

चाकं बॉडीबाहेर आलीत,
दोन्ही बाजूंना चार-चार इंच,
मोठ्या भावाच्या चपला घालून निघालेल्या पोरासारखी.
नियम सांगतो, टायर झाकलेला हवा.
कशानं झाकायचा, ते नियमात नाही.

कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या मागच्या गल्लीत
बशीर परकार पत्र्याचा तुकडा हातात देतात.
"वीस गेज. मार टिचकी."
मारते. ठण्ण करतो, आणि करत राहतो.
"पत्रा ठोकला की परत येतो," ते म्हणतात,
"फायबर गेलं की गेलं."
त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं तो कान हातोडीच्या बाजूला होता.
मी उजवीकडे सरकून विचारते, "पण वजन?"
"वजनाला काय भितेस?
तू एक वेळ कमी जेव."

अ‍ॅल्युमिनियम बघितलं.
हलकं, देखणं, मानी.
दोनदा वाकवलं की तिसऱ्यांदा चिरतं.
असे दोघे माझ्या ओळखीत आहेत.

कार्बन फायबरचा नमुना
अंधेरीच्या थंडगार ऑफिसात, काळ्या मखमलीवर, अंगठीसारखा.
मुलानं भाव सांगितला
आणि लगेच पाणी मागवलं. माझ्यासाठी.

दिवसा मी दात करते.
दादरला, लॅबमध्ये, प्लॅस्टरच्या जबड्यांसमोर बसून
कुणाच्या तरी दाढेवर टोपी बसवते.
नवी होते तेव्हा वाटायचं,
सर्वांत कडक तेच सर्वांत चांगलं.
मग एक गृहस्थ परत आले
(आडनाव विसरले, जबडा लक्षात आहे).
टोपी शाबूत.
तिच्यासमोरचा, वरचा, खरा दात
घासून अर्धा.

तेव्हापासून कुठल्याही मटेरियलला आधी हेच विचारते:
तू कसं तुटणार?
आणि तुटताना कुणाला धरणार?

मागच्या मोसमात, तिसऱ्या वळणावर
कुणीतरी नुसतं घासून गेलं.
पत्रा तुटला नाही. इमानी होता.
आत मुडपला, टायरला टेकला,
आणि सरळ रस्त्यावर, एकशे तीसच्या वेगात,
शांतपणे त्याला कापत राहिला.
हे मी परकारांना कधी सांगितलं नाही.
तो फेंडर त्यांच्या हातचा होता.

वर्सोव्याला होड्यांना फायबर चढवणारे हरेश्वर टपके
गाडीभोवती एक फेरी मारतात.
"पाणी कुठून घुसतं हिच्यात?"
पाणी नाही, हवा, मी म्हणते.
"तेच ते."
थर्मोकोल कापून, पुट्टी लावून आकार काढला,
पॉलिश पेपरनं घासून घासून रविवार संपवले.
मी म्हटलं, सगळीकडे चार थर देऊ.
त्यांनी ब्रश डब्यात ठेवला.
"कडेला तीन. मध्ये दोन.
सगळीकडे सारखं जाड करतो
तो घाबरलेला माणूस."
सुकटीच्या वासात रेझिनचा वास.
काचेची लव कोपरापर्यंत चावते.
गार पाण्यानं धू, गरम नको, त्यांची बायको आतून ओरडते,
तिनं माझ्यासारखे पुष्कळ पाहिलेत.

फेंडर धरायला मात्र लोखंडी पट्ट्याच लागतात.
म्हणून पुन्हा कुर्ला.

परकारांनी टिचकी मारली.
ठप्प.
मान वळवून उजवा कान जवळ नेला, पुन्हा मारली.
ठप्प.
"हे तुटेल."
"तुटायलाच केलंय," मी म्हणाले,
आणि मग तिसरं वळण सांगितलं. सगळं.

ते काही बोलले नाहीत.
मी ग्राइंडरनं कापलेल्या मूळ पत्र्याच्या कडेवरून
त्यांनी अंगठा फिरवला. धार होती.
पेटीतली लहान हातोडी काढली, उकिडवे बसले,
आणि ती धार आत मुडपत गेले,
इंच इंच करत,
चारही चाकांवर,
डावा कान गाडीकडे करून.